तुमचं नाव काय?

चोराच्या घरी चोरी झाली की ऐकणाऱ्याला बरे वाटते. तसे वाटू नये हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. मी तर ते शिकवण्याचाच पगार घेतो. तरीसुद्धा एखाद्या नामांकित लुबाड्याचे कपाट कुणीतरी साफ केले अशी बातमी नाक्यावर आली, की आमच्या वटारच्या सज्जन मंडळींच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरते ती एरवी फक्त पहिल्या पावसाच्या दिवशी दिसते. 'फार वाईट झालं हो!' असे प्रत्येक जण म्हणतो आणि आणखी एक चहा सांगतो.

मनुष्यस्वभावाची ही नाडी ज्यांच्या हाती अचूक लागली होती, त्यांनी लेखनासाठी आमच्या शेजारच्या गावाचे नाव घेतले होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हटले तर फार थोड्यांना ओळख पटेल. बाबूराव अर्नाळकर म्हटले की साठीच्या पुढचा मराठी वाचक खुर्चीत सावरून बसतो. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली वारलेल्या या गृहस्थांनी एका आयुष्यात हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मीही कादंबऱ्या लिहितो. त्या एका हाताच्या बोटांवर मोजल्या तर अंगठा शिल्लक राहतो. तेव्हा हजार हा आकडा लिहिताना माझा हात थोडा थरथरला तर वाचकांनी समजून घ्यावे.

वटारहून आगाशीवरून अर्नाळा म्हणजे सायकलीचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, मध्येच एखादे बावखल, त्यात डुंबणारी बदके; पुढे सुरूची झाडे, सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि मग समुद्रात एकटाच उभा राहिलेला तो किल्ला. या वाटेवर सगळ्यात मोठा आवाज होतो तो झावळी पडल्याचा. अशा गावाचे नाव लावून एका माणसाने अंधाऱ्या जिन्यांवरून, बंद मोटारींतून आणि उघड्या खिडक्यांतून इतके पिस्तुलांचे बार काढावेत, याची मला नेहमी मौज वाटत आली आहे.

त्यांचा काळा पहाड आठवा. अंगावर काळा वेष, तोंडावर काळा मुखवटा. रात्री यायचा आणि कुणाच्या तरी तिजोरीसमोर उभा राहायचा. पण तिजोरी कुणाची? विधवेची ठेव गिळलेल्या सावकाराची, अनाथ पोराचे घर लाटलेल्या काकाची, प्रतिष्ठेच्या पगडीखाली पाप लपवलेल्या शेठजीची. झुंजार आणि त्याची विजया हेही त्याच वाटेचे वाटसरू. ही माणसे कायदा मोडत, पोलिसांना झुकांडी देत, प्रसंगी हात उचलत. आणि वाचक मात्र पोलिसांच्या नव्हे, त्यांच्या बाजूने. माझ्या वडिलांच्या पिढीने ही पातळ पुस्तके वाचनालयातून भाड्याने आणून, रॉकेलच्या दिव्याखाली आणि बहुधा भूगोलाच्या पुस्तकाच्या आत ठेवून वाचली. त्या पिढीतले किती जण दरोडेखोर झाले? माझ्या माहितीत एकही नाही. बहुतेक कारकून झाले, काही शिक्षक झाले, आणि उरलेले केळी पिकवीत राहिले.

मग हा विषय आजच का काढला? त्याला कारण आमच्या शाळेतील नववीचा वर्ग.

मधल्या सुटीत मुले तावातावाने भांडत होती. भांडण क्रिकेटचे असेल असे समजून मी डोकावलो, तर विषय निघाला न्यायाचा. ही मुले हल्ली जपानी चलच्चित्रमालिका पाहतात. त्यांना अ‍ॅनिमे म्हणतात, आणि 'कार्टून' म्हटले की त्यांना राग येतो. त्यांतली एक जुनीच मालिका, 'डेथ नोट' नावाची, नव्याने त्यांच्या हाती लागली होती. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली ही चित्रकथा २००३ ते २००६ या काळात जपानमध्ये क्रमशः छापली गेली आणि २००६ साली तिची मालिका झाली.

गोष्ट अशी. लाइट यागामी नावाचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी. वडील पोलीस अधिकारी. त्याला एक वही सापडते. मृत्यूच्या देवाने खाली टाकलेली. माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून त्या वहीत त्याचे नाव लिहिले की तो माणूस मरतो. दुसरे काही कारण लिहिले नाही तर चाळीस सेकंदांत, हृदय बंद पडून. मुलगा ठरवतो की जगातले सगळे गुन्हेगार संपवायचे आणि स्वच्छ जग उभारायचे. आणि तो कामाला लागतो.

'सर, तो गुन्हेगारांनाच मारतो ना? मग त्याचं चुकलं काय?' एका मुलाने मला सरळ विचारले.

'आणि पोलीस जर पकडतच नसतील, तर कोणीतरी करायला नको का?' दुसरा म्हणाला.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र मान हलवली. 'पण सर, त्या वहीत लिहायला चूक झाली तर खोडता येतं का?'

घंटा झाली. गणिताच्या बाई वर्गात आल्या. मला सुटल्यासारखे वाटले, कारण हा प्रश्न पंधरा मिनिटांच्या सुटीत मावणारा नव्हता. तो मी घरी घेऊन आलो, आणि तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे.

पहिली गोष्ट मी माझ्या धंद्यातली सांगतो, कारण ती आतल्या माणसाखेरीज कुणी सांगत नाही. कथेतला काळा पहाड कधी चुकीच्या दाराशी जात नाही. का जात नाही? तो फार हुशार आहे म्हणून नव्हे. दार कुणाचे हे लेखकाने आधीच ठरवलेले असते म्हणून. शेठजी पापी आहे हे आपल्याला पहिल्या प्रकरणात समजते, कारण लेखकाने तिथे त्याला कुणाचे तरी कागद जाळताना दाखवलेले असते. आपण वाचक त्या खोलीत हजर होतो! साक्षीपुरावा, उलटतपासणी, संशयाचा फायदा, यांतल्या कशाचीच गरज उरत नाही. मी स्वतः दोन कादंबऱ्यांत दोन दुष्ट माणसे निर्माण केली आहेत. त्यांच्या दुष्टपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही, कारण तो मीच माझ्या हाताने, लाल शाईने दुरुस्त करून, त्यांच्यात भरला आहे. परंतु नाक्यावरच्या कोणत्याही जिवंत माणसाविषयी मी इतक्या खात्रीने एक वाक्यही लिहू शकणार नाही.

म्हणजे ज्या खात्रीच्या बळावर कथानायकाचे हात उचलणे आपल्याला न्याय्य वाटते, ती खात्री त्याची नसतेच. ती लेखकाने उसनी दिलेली असते. पुस्तक मिटले की ती परत करायची असते. आमच्या वडिलांची पिढी ती परत करीत असे. वाचनालयात पुस्तक परत करताना खात्रीही परत जाई.

या बाबतीत ती जपानी कथा अधिक प्रामाणिक आहे असे मला म्हटले पाहिजे. पोरांकडून समजून घेऊन, मग रात्री बसून मी तिचे बरेच भाग पाहिले. पत्नीने 'पेपर तपासायचे राहिलेत' अशी दोनदा आठवण केली, ती ऐकली नाही असे केले. त्या कथेत वही घेणारा मुलगा सुरुवातीला खुनी-दरोडेखोरांची नावे लिहितो. मग त्याला शोधणारे लोक येतात. ते गुन्हेगार नसतात. आपले काम करणारी माणसे असतात. पण ते आपल्या कामाच्या आड येतात, म्हणून हा त्यांचीही नावे लिहितो. काल जो 'दुष्टांचा शत्रू' होता त्याच्या दृष्टीने आज 'माझा शत्रू तो दुष्ट' असे समीकरण होऊन बसते. हा बदल इतक्या सहज होतो, की पाहणाऱ्याला तो कुठे झाला ते दाखवता येत नाही. आणि शेवटी त्याचेही नाव तसल्याच एका वहीत लिहिले जाते. माझ्या वर्गातली मुले शेवटापर्यंत पोचली होती की नाही कोण जाणे! बहुतेक पोरे नायकाच्या पहिल्या पराक्रमावर लुब्ध होतात. शेवटाकडे जाईपर्यंत त्यांची सहामाही परीक्षा येते.

पण हे सारे झाले कथेतले. आयुष्यात काय? दुबळ्या माणसाला कायद्याच्या दारात उभे राहून राहून पायांना गोळे आले, तरी त्याने हात उचलूच नये काय? या प्रश्नाला 'उचलू नये' असे खुर्चीत बसून उत्तर देणे फार सोपे असते. म्हणून इतिहासातील दोन गोष्टी मी स्वतःशीच पुनःपुन्हा ताडून पाहिल्या.

पहिली आहे १८७५ सालची. पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे रोजी, बाजाराच्या गावी, शेतकरी सावकारांवर उठले. कापसाचे भाव कोसळलेले, सारा वाढलेला, आणि सावकाराच्या वहीतला आकडा मात्र काही केल्या कमी होईना. अंगठा कशावर उठवला हे उठवणाऱ्याला ठाऊक नाही, असा तो काळ. लोकांनी काय केले? दुकाने फोडली, आणि कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. परंतु ठिकठिकाणी लोकांचा रोख सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कागद हाती पडले की पुष्कळ ठिकाणी राग तिथेच थांबे. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

मला या दंग्यातले एक फार महत्त्वाचे वाटते. त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना आपला शत्रू नेमका कुठे राहतो ते ठाऊक होते. तो त्या मारवाडी किंवा गुजर सावकाराच्या बरगड्यांत राहत नव्हता. तो वहीत राहत होता. जपानी मुलाने वहीत माणसे मारली आणि सुप्याच्या लोकांनी माणसे राखून वह्या मारल्या. दंगा तो दंगाच. जाळपोळ ही जाळपोळच. कुणाचे तरी दुकान गेले, कुणाच्या तरी बायकापोरांनी ती रात्र दाराला कडी घालून काढली, हे मी विसरत नाही. तरी चुकीची दुरुस्ती करता येईल एवढी जागा त्या रागाने शिल्लक ठेवली होती. जळालेला रोखा पुन्हा लिहिता येतो.

दुसरी गोष्ट आपल्या काळातली आहे आणि ती लिहिताना लेखणी जड होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात एका गुंडाला जमावाने ठार केले. जमावात बहुसंख्य बायका होत्या. कस्तुरबा नगर वस्तीतल्या. त्या गुंडाने त्या वस्तीवर वर्षानुवर्षे जी दहशत बसवली होती तिचे वर्णन दिवाळीच्या अंकात करणे योग्य नाही. बायका तक्रारी घेऊन गेल्या होत्या. तक्रारींचे काही झाले नव्हते. तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येणार, ही भीती त्यांच्या उंबऱ्यावर बसून होती. पुढे त्यांच्यावर खटला चालला आणि दहा वर्षांनी, २०१४ साली, पुराव्याअभावी आरोपी सुटले.

त्या बायकांना मी काय म्हणू? त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या दाराची कडी रात्री कुणी वाजवलेली नाही. इथे खात्री लेखकाकडून उसनी आणलेली नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या अंगावर उमटलेली होती. तरीही माझी जीभ 'योग्य झाले' हे दोन शब्द उच्चारायला उचलत नाही. पुष्कळ दिवस मला वाटे की हा आपला मध्यमवर्गीय भित्रेपणा. पण विचार करता असे वाटू लागले, की एखादी गोष्ट समजणे आणि ती बरोबर ठरवणे यांमध्ये एक बारीकसा ओढा आहे, आणि तो ओलांडायचा नसतो. समजले म्हणजे आपण त्या बायकांच्या शेजारी जाऊन बसतो. बरोबर ठरवले म्हणजे आपण ती पद्धत उचलून पुढच्या माणसाच्या हाती देतो. आणि पुढचा माणूस कोण असेल ते आपल्या हाती नसते.

पुढची माणसे आलीच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. ते मुले पळवणारे आहेत अशी अफवा होती. मारणाऱ्यांना आपण पोरांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार. काळा पहाडसुद्धा याहून उदात्त हेतूने कधी घराबाहेर पडला नसेल. हेतू शुद्ध, राग खरा, हात बळकट. फक्त दार चुकीचे होते.

आता आमच्या वटारची एक रात्र सांगतो. २०२० सालचा एप्रिल महिना. टाळेबंदी होती. रस्ते ओस, लोकल बंद, आणि लोकांना दुसरे काम नसल्याने भ्रमणध्वनीवर अफवांचे पीक केळीपेक्षा जोमाने आलेले. साऱ्या पालघर जिल्ह्यात बोलवा होती, की रात्री वेषांतर करून चोर फिरतात. आमच्या आळीतल्या पोरांनी गस्त सुरू केली. काठ्या, बॅटऱ्या, शिट्या. मीही एक-दोन रात्री त्यांच्याबरोबर होतो; मास्तर बरोबर असले की आया पोरांना सोडतात.

मध्यरात्र उलटून गेल्यावर बावखलाच्या बाजूने शिट्टी वाजली. आम्ही पोचलो तेव्हा पाच-सहा पोरांनी एका माणसाला घेरले होते. पंचविशीतला असावा. खांद्याला पिशवी, पायांत चपला नाहीत. बॅटऱ्यांचा झोत थेट तोंडावर, त्यामुळे त्याने हात आडवा धरलेला. आणि तोंड लपवतो म्हणजे चोरच, असा निर्णय झालेला. 'पिशवीत काय आहे?' 'कुठून आला?' 'बाकीचे कुठे आहेत?' असे प्रश्न चहूबाजूंनी एकदम. एकाचे उत्तर द्यावे तोवर दुसरा ओरडे. 'आधी पोलिसांना फोन करा,' असे मी म्हणालो, दोनदा म्हणालो. एका पोराने फोन लावलाही, पण लागेना. कुणाची तरी काठी वर गेली. काठी धरणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी होता. निबंध चांगला लिहीत असे.

इतक्यात पलीकडच्या घराचे दार उघडले आणि काकी बाहेर आल्या. साऱ्या आळीच्या त्या काकी. वय पंचाहत्तरीच्या घरात, कमरेत वाकलेल्या. काय गडबड आहे हे त्यांनी कुणालाच विचारले नाही. पोरांना बाजूला सारीत त्या थेट त्या माणसापुढे जाऊन उभ्या राहिल्या, बॅटरी धरणाऱ्याला 'ती खाली कर रे' म्हणाल्या, आणि मग त्याला विचारले, 'बाबा, तुमचं नाव काय?'

तोवर हे कुणी विचारलेच नव्हते.

त्याने नाव सांगितले. ते इथे लिहिण्याचे कारण नाही. काकींनी गाव विचारले, मोखाड्याकडचे निघाले. घरी कोण असते, आई आहे का, मुले किती, असे त्या विचारीत गेल्या आणि तो सांगत गेला. शेजारच्या एका गावात वाडीवर कामाला होता. काम थांबले, राहायची जागा गेली. आगाशीला भाऊबंद होता त्याच्याकडे निघाला होता. दिवसा रस्त्याने गेले तर पोलीस मारतील म्हणून रात्री आडवाटेने. पिशवीत दोन कपडे आणि तांदूळ. 'पाणी पिणार का?' काकींनी विचारले, आणि त्याने दोन तांबे पाणी एका दमात प्यायले. काठी केव्हा खाली आली ते मला दिसले नाही. त्याच काठीवाल्या मुलाने त्याला सायकलवर बसवून आगाशीच्या वेशीपर्यंत सोडले.

त्यानंतर काही दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, आमच्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांचा जीव घेतला. ते अंत्यसंस्कारासाठी सुरतेकडे निघाले होते. तिथेही चोरांची अफवाच होती. पोलीस येऊन पोचले होते, तरी ती माणसे वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती बातमी ऐकताना आमच्या आळीतली पोरे एकमेकांकडे पाहत नव्हती.

मला त्या जपानी वहीचा नियम तेव्हापासून उलटा दिसू लागला. वहीत मारायला नाव लागते. नाव नसेल तर वही निकामी. आयुष्यात नेमके याच्या विरुद्ध घडते. माणसाला मारायचे तर त्याला नाव नसावे लागते. तो 'चोर' असावा, 'पोरे पळवणारा' असावा, 'तसल्यातला' असावा. एकदा त्याचे नाव, गाव आणि आईची तब्येत कळली, की वर गेलेल्या काठीला खाली यावेच लागते. न्यायालयात खटला पुकारताना आधी नाव-गाव विचारतात. तो कोरडा शिष्टाचार आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, की काकींनी त्या रात्री जे केले त्याचीच ती सरकारी आवृत्ती आहे.

मारणाराही बहुधा नाव लपवतो. काळ्या पहाडाला मुखवटा लागतो, जमावाला अंधार लागतो. ज्या कामाखाली सही करता येत नाही त्या कामाविषयी मनुष्याला आतून काहीतरी ठाऊक असते.

कुणी म्हणेल, मास्तर, मग दुबळ्याने करायचे काय? सहीच करीत बसायचे? याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागत नाही; ते वसईत घडलेले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आमच्या या हिरव्या पट्ट्यावर इमारतींची धाड आली. विहिरींचे पाणी टँकर भरभरून जाऊ लागले, गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, आणि दांडगाई करणाऱ्यांपुढे तोंड उघडण्याची सोय राहिली नाही. काळ्या पहाडाने अवतार घ्यावा असाच तो काळ. पण आले ते मुखवटेवाले नव्हते. 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे एक पुढारी होते. 'सुवार्ता' मासिकाचे ते संपादक. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले. या माणसांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, निवेदने दिली. उघड्या तोंडाने आणि खऱ्या नावाने. लोकांना भीती वाटली नसेल असे नव्हे. भीती वाटत असताना ते चालत गेले. मोर्च्यात केळी लावणारे होते तसे फुलांचा हारा डोक्यावर घेऊन मुंबईला जाणाऱ्या बायाही होत्या.

ते सगळे जिंकले का? विरारच्या पुलावरून नजर टाकली तर 'हो' म्हणवत नाही. पण आमच्या पश्चिमेच्या गावांतून अजून वाड्या आहेत, बावखले आहेत, रात्री बेडूक ओरडतात, यात त्या उघड्या तोंडांचा वाटा आहे. ही पद्धत हळू आहे. तिला चाळीस सेकंद पुरत नाहीत, कधी चाळीस वर्षेही पुरत नाहीत. मात्र तिच्यात एक सोय आहे. मागच्या बाकावरची ती मुलगी विचारत होती ती. चुकले तर खोडता येते.

मग काळ्या पहाडाचे काय करायचे? त्याला माळ्यावर टाकायचे? मुळीच नाही. येत्या सुटीत त्याची पुस्तके मिळाली तर मी नववीच्या पोरांना वाचायला देणार आहे, आणि त्या जपानी मुलाची गोष्ट शेवटापर्यंत पाहा असेही सांगणार आहे. मनात साचलेल्या रागालाही कुठेतरी जागा पाहिजे. ती कथेत मिळाली तर तो रस्त्यावर कमी सांडतो.

आपल्या पूर्वजांना हे चांगले समजत होते असे दिसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान झाले की, कोकणातल्या हिंदू घरांच्या तुळशीपाशी कारीट फोडतात. ते एवढेसे हिरवे फळ म्हणजे नरकासुर. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते चिरडायचे, आणि पोरे ते काम काय आवेशाने करतात! वर्षभराचा सगळा राग त्या फळावर निघतो. फटाक्यापेक्षाही त्या 'फट्' आवाजाचा आनंद मोठा.

पण रीत एवढ्यावर संपत नाही. कारीट फोडले की त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा असतो. तो कडूजहर लागतो. असुर मारल्याच्या आनंदात हा कडूपणा कशाला, असे मी लहानपणी आजीला विचारले होते. 'ज्याने चिरडलं त्याने चाखलंच पाहिजे,' एवढेच ती म्हणाली आणि फराळाचे ताट पुढे केले.

तेव्हा मला ताटातली करंजी अधिक महत्त्वाची वाटली होती. या दिवाळीत मी पोरांना दोन्ही देईन. आधी कारीट, मग करंजी.